चार हात फिल्म

प्रिय मुली,

तुझं पत्र मिळालं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधीच लिहून टाकतो: हो, ते भुताचे सिनेमे पाहून आम्ही खरंच घाबरत होतो. रात्री लघवीला एकटं उठता येत नव्हतं, इतकं.

तू लिहितेस की मैत्रिणींसोबत मोबाइलवर तो जुना सिनेमा लावला, राक्षस आला आणि सगळ्या हसत सुटल्या. आता तुम्हाला गावातच पंधरा मिनिटांचा भुताचा सिनेमा करायचा आहे. आठ हजार रुपये जमलेत आणि त्यातले पाच रबरी मुखवट्यावर घालावेत का, असं विचारतेस. मुखवट्याकडे येतोच. त्याआधी तुला एका रात्री सोबत घेऊन जायचं आहे.

मी सहावीत होतो. पहिली वेचणी आटोपली होती, घरोघरी कापसाचा पैसा आला होता. आमच्या गावापासून अडीच किलोमीटरवर, दारव्हा रस्त्याकडच्या बाजाराच्या मैदानात टुरिंग टाकीज लागली होती. दोन दिवस बैलबंडीवर भोंगा बांधून पुकारा झाला. सिनेमा होता ‘पुराना मंदिर’. मुंबईत तो १९८४ साली लागला. आमच्यापर्यंत येईस्तोवर त्या प्रिंटने इतकी गावं पाहिली होती की पडद्यावर सारखा पाऊस पडत असल्यासारखं दिसायचं. सिनेमा फक्त मोठ्यांसाठी होता, पण तंबूच्या दारावर कोणी आमचं वय विचारलं नाही. घरून आणलेलं पोतं अंथरून आम्ही सात पोट्टे पुढेच बसलो.

मशीन एकच होतं. म्हणून दर वीस-बावीस मिनिटांनी रीळ बदलायला तंबूत दिवा लागायचा. त्या उजेडात प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायचा, तो घाबरला का ते पाहायला. मग दिवा जायचा, बाहेर जनरेटर धडधडत असायचा, आणि दार करकरत उघडायचं.

पण खरी भीती खेळ सुटल्यावर सुरू झाली. घरी जायला पांदणच होती, वावरांमधली अरुंद वाट. दोन्ही बाजूंना कापसाची पऱ्हाटी डोक्याला लागेल एवढी, आणि न वेचलेली बोंडं चांदण्यात पांढरी दिसत होती. हजार डोळे उघडल्यासारखी. वारा सुटला की वाळलेल्या पानांची खसखस सोबत चालायची, आपण थांबलो की तीही थांबल्यासारखी वाटायची. आमच्यात भांडण लागलं ते एकाच गोष्टीवरून: सगळ्यात मागे कोण चालणार? कोणीच तयार नव्हतं. शेवटी सातही जण हात धरून आडव्या रांगेत चाललो. पांदण तेवढी रुंद नव्हती, त्यामुळे कडेचे दोघे घरापर्यंत बोरीच्या काट्यांतून गेले. त्यातला डावीकडचा मी. दुसऱ्या दिवशी माय पायातले काटे काढत होती, पण कुठून आले ते मी तिला सांगितलं नाही.

आता तू म्हणशील, हे सगळं त्या राक्षसामुळे झालं. मीही कित्येक वर्षं तसंच समजत होतो. बारावीनंतर दोन हंगाम मी एका टुरिंग टाकीजवर मदतनीस होतो. अमरावतीहून एस.टी.च्या टपावरून येणारी रिळांची पेटी उतरवायची, कार्बनच्या कांड्या बदलायच्या, तुटलेली फिल्म जोडायची, ही माझी कामं. एका दुपारी तोच सिनेमा पुन्हा आला. ज्या जागी आम्ही सातही जण एकमेकांना बिलगलो होतो, नेमकी तिथेच पट्टी तुटलेली होती. जोडण्याआधी मी ती बल्बसमोर धरून पाहिली.

पस्तीस एमएमच्या फिल्मचा हिशोब असा की एका सेकंदाला चोवीस चौकटी जातात आणि चोवीस चौकटींची लांबी भरते अठरा इंच. म्हणजे आपला एक हात, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. एक सेकंद, एक हात. मी कोपर टेकवून मोजलं. राक्षसाचा चेहरा समोरून दिसत होता तो फक्त चार हात. माझ्या बालपणाच्या किती रात्री खाऊन टाकणारी गोष्ट चार हात लांब होती, आणि बल्बसमोर ती एका रंगवलेल्या माणसाचा फोटो होती. बाकी सगळं दार होतं, जिना होता, धूर होता, निळा-लाल उजेड होता, आणि त्यानंतर आमची पांदण होती.

तुझ्या मैत्रिणी हसल्या यात त्यांची काही चूक नाही. भरदिवसा, हातात मावेल एवढ्या पडद्यावर, पाहिजे तिथे थांबवून, स्वच्छ केलेल्या प्रिंटमध्ये त्यांनी तो चेहरा पाहिला. त्यांना पांदण मिळालीच नाही.

हे सिनेमे करणारी माणसं तू ओळखून घ्यावीस असं मला फार वाटतं, कारण ती तुझ्यासारखीच तुटपुंज्या भांडवलाची होती. रामसे बंधू. वडिलांचं कराचीत रेडिओचं दुकान होतं. फाळणीनंतर त्यांनी मुंबईत लॅमिंग्टन रोडवर पुन्हा दुकान थाटलं. आडनाव मूळचं रामसिंघानी. गोऱ्या गिऱ्हाइकांच्या तोंडी ते रामसे झालं. मी स्वतः रेडिओ दुरुस्तीवर घर चालवलं, त्यामुळे ही गोष्ट मला आपल्या घरातली वाटते. सिनेमाचं वेड वडिलांना होतं, पण हात पोळले होते. १९७० साली त्यांचा ‘एक नन्ही मुन्नी लड़की थी’ पडला. मात्र त्यात पृथ्वीराज कपूर भीतीदायक मुखवटा घालून चोरी करायला जातात तो प्रसंग आला की थिएटर जागं व्हायचं, हे मुलांनी प्रेक्षकांत बसून पाहिलं. बुडालेल्या सिनेमातून त्यांनी तेवढाच तुकडा उचलला.

मग १९७२ चा ‘दो गज़ ज़मीन के नीचे’. महाबळेश्वरला सगळं खटलं घेऊन गेले, घरच्या बायकाही सोबत. सुमारे चाळीस दिवसांत आणि साडेतीन लाखांच्या आसपास सिनेमा उभा केला. सात भाऊ, आणि कामं घरातच वाटलेली: कुमार लिहिणार, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करणार, गंगू कॅमेरा धरणार, किरण आवाज बघणार, अर्जुन संकलन करणार, केशू निर्मितीची धावपळ करणार. शिकले कुठे? छायाचित्रणावरच्या एका इंग्रजी पुस्तकाची वडिलांनी त्यांच्याकडून पारायणं करून घेतली होती. तुम्ही पाच जणी आहात. आजच बसा आणि कोण काय करणार ते ठरवा. सगळ्याच जणी दिग्दर्शक झाल्यात तर सिनेमा पहिल्याच रात्री मोडेल.

‘पुराना मंदिर’मधला राक्षस सामरी झाला तो अनिरुद्ध अग्रवाल नावाचा उंचापुरा माणूस, रुरकीला सिव्हिल इंजिनिअरिंग शिकलेला. तो चेहरा पाहिला आणि भावांना त्यांचा राक्षस सापडला. मुखवट्यावर पैसे घालण्याआधी त्यांनी माणूस शोधला. म्हणून पाच हजार रबरावर घालू नकोस. दोनशेचं काळं घोंगडं आण, आणि तुमच्यातली जी सगळ्यात सावकाश चालू शकते तिला ते पांघरायला दे. चेहरा दाखवायचाच असेल तर चार हात. मी तर म्हणेन दोनच.

उरलेले पैसे आवाजावर घाल. भूत आधी कानातून आत येतं. एखादा बरासा माइक भाड्याने मिळतो. नाहीच मिळाला तर माझ्याकडचा रेकॉर्डर ने. पण इंटरनेटवरून लांडग्यांचं रडणं उचलू नकोस. ते आपल्या कोणाच्या आठवणीत नाही. टिटवी आहे. रातकिडे आहेत. पऱ्हाटीची खसखस आहे. आणि मोटार आहे. थ्री फेजची लाइन रात्री येते म्हणून तुझे बाबा दोन वाजता ओलिताला जातात ना? स्टार्टरचा खटका, मग मोटारीची घुमघुम, मग पाण्याचा पहिला फसफसाट. हे ऐकत झोपलेल्या घरांना आता एवढंच दाखव: गावात दिवे चालू आहेत, लाइन गेलेली नाही, आणि वावरातली मोटार एकाएकी बंद झाली. स्टार्टरचं बटन कोणीतरी दाबलं. आपल्याकडच्या कोणत्याही कास्तकाराच्या अंगावर काटा येईल, आणि तुला एक रुपया लागणार नाही.

यवतमाळजवळचं फार्महाउस हवेली म्हणून भाड्याने घ्यायचा विचार सोडून दे. आपल्या गावची गढी आहेच. पण आत जाऊ नका. दर पावसाळ्यात भिंत खचते, लोक पांढरी माती खणून नेतात म्हणून खालून पोकळ झालीय, आणि सापांचं तर विचारूच नकोस. बाहेरून, सांजवेळेला, बुरजाची फक्त कड दिसेल असा कॅमेरा ठेव. रात्री वावरात एकट्यादुकट्याने अजिबात जायचं नाही. २०१८ साली राळेगाव-पांढरकवड्याच्या बाजूला लोक वाघिणीच्या धास्तीने काठ्या घेऊन घोळक्याने वावरात जात होते. त्यांच्या घरात गेलेले जीव खरे होते. जनावराच्या भीतीचा खेळ करू नकोस, एवढं माझं ऐक.

आता जे लिहायचं मी तीन पानं टाळलं ते.

तुझ्या कथेत एक म्हातारी आहे. पांढरे मोकळे केस, गावाच्या टोकाला एकटी, ‘करणी करते’ असं लोक म्हणतात. ती तू बदल.

त्या रात्रीनंतर आम्हा पोट्ट्यांना गावात सामरी हवा होता. गढीच्या मागे एक बुढी राहायची. एकटी, केस पांढरे, एका डोळ्यात फूल पडलेलं. ती आम्हाला बोरं द्यायची. ओंजळ भरून. आम्ही तिच्या दारावरून ओरडत पळायला लागलो. मग खडे मारायला लागलो. एक खडा माझाही होता आणि तो लागला. ती काही बोलली नाही, पदराने कपाळ दाबून आत गेली. पुढे त्याच वर्षी कोणाची तरी शेळी मेली, कोणाचं तरी लेकरू तापाने फणफणलं, आणि आमचा खेळ मोठ्यांच्या तोंडी गेला. कोणी तिला मारलं नाही. पण कोणी तिच्याकडे मीठही मागेना. चैतात ती लेकीच्या गावी निघून गेली, बंडीत एक पेटी आणि एक उखळ घेऊन. मी पांदणीच्या तोंडाशी उभा होतो. तिने मला हाक मारली आणि मी घरी पळालो.

मी आजवर हे कोणाला सांगितलं नव्हतं.

सिनेमा चार हात दाखवतो, उरलेलं बघणारा आपल्या गावातून भरतो. म्हणूनच तो घाबरतो, आणि म्हणूनच तू जबाबदार आहेस. पडद्यावरची म्हातारी तुझ्यासाठी पात्र असेल, पण घरी जाताना लोक तिच्या जागी कोणाला तरी बसवतील. आपल्या भागात अशा संशयावरून माणसं मारली गेली आहेत, म्हणून तर २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. ज्या मातीत गाडगेबाबा रात्र-रात्र कीर्तन करून लोकांच्या डोक्यातली भुतं काढत फिरले, तिथेच आपण भुताचा सिनेमा करतो आहोत. जरूर कर. लोकांना घाबरवण्यात मला काही वावगं वाटत नाही, लेकरांना तर भीतीची मजा मिळालीच पाहिजे. फक्त ती भीती कोणाच्या दारात नेऊन सोडू नकोस. चकवा घे, बंद पडलेली मोटार घे. ज्याला घर नाही, जात नाही, चेहरा नाही, असं काहीतरी घे.

कथा बदलून झाली की मला वाचायला पाठव. मी जुना अँप्लिफायर दुरुस्त करून ठेवतो, दोन भोंगेही आहेत. सिनेमा मोबाइलवर वाटण्याआधी गावात दाखव. शाळेच्या मैदानात पांढरं धोतर ताण, प्रोजेक्टर यवतमाळहून एका रात्रीसाठी मिळतो. तारीख मात्र तुरीची सोंगणी व्हायच्या आधीची धर. पांदणीच्या दोन्ही बाजूंना पीक उभं असलं पाहिजे. आणि खेळ सुटला की मैदानातले दिवे लगेच लावू नकोस.

मी गेटापाशी असेन. लहान पोरं घरी निघाली की सगळ्यात मागे मी चालेन.

तुझा काका