बहिणीच्या मेससाठी मुकादमाची उचल घेऊ का?

प्रश्न : आम्ही पाटोदा तालुक्यातले, भटक्या जमाती (ड). आई-वडील दरवर्षी ऊस तोडायला कारखान्याला जातात. बहिणीला छत्रपती संभाजीनगरला इंजिनिअरिंगला जागा मिळाली. फी माफ आहे, पण खोली आणि मेसचे वर्षाला साठ हजार लागतील. मुकादम, म्हणजे तोडणीला मजूर नेणारा ठेकेदार, म्हणतो, तू अर्धा कोयता (जोडीऐवजी एकटा तोडणारा) म्हणून चल, लाखाची उचल (मजुरीतून फेडायची आगाऊ रक्कम) आज देतो, व्याज नाही. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरी आईच्या पाच शेळ्या आहेत, बाकी काही नाही. उचल घेऊ का?

उत्तर : नका घेऊ. हिशेब मांडून बघा.

जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ होऊन तोडणीचा दर टनाला ३६६ रुपयांच्या आसपास गेला. त्या दराने लाख फेडायला २७३ टन ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत चढवायच्या. मुरलेलं जोडपं दिवसाला दोन टन काढतं असं धरलं, तरी तुम्ही एकटे आणि नवखे. रोज टनभर, एकही खाडा नाही, हंगाम १३० दिवस चालला, तरी फिटले साडेसत्तेचाळीस हजार. निम्म्याहून जास्त बाकी डोक्यावर राहिली, म्हणजे पुढच्या दिवाळीला पुन्हा गाडीत बसणं आलं. उचलीला व्याज नाही म्हणता, तुमचं बी.ए. दोन वर्षं बुडेल, ते कशात धरलंत?

पहिला अर्ज सरकारी वसतिगृहाचा करा. तिथे नंबर नाही लागला तर सावित्रीबाई फुले आधार योजना. घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर तुमच्या प्रवर्गाला संभाजीनगरसारख्या महापालिकेच्या शहरात वर्षाला ५१ हजार मिळतात. पण जागा मोजक्या, निवड गुणांवर, आणि पैसे हप्त्याहप्त्याने, तेही उशिरा. मेसवाला तोवर थांबत नाही.

म्हणून शैक्षणिक कर्ज. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि राहण्या-जेवणाचा खर्चही त्यात धरतात. शाखेत तारण मागितलं तर नकार लेखी मागा. पुष्कळदा तिथेच सूर बदलतो. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत आणि कॉलेजला नॅक किंवा अभ्यासक्रमाला एनबीएचं मानांकन असेल, तर शिक्षण चालू असताना आणि पुढे एक वर्ष व्याज केंद्र सरकार भरतं. ते आधी कॉलेजात विचारून घ्या. चार वर्षांत मिळून दोन लाख काढले, तर दहा टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता महिन्याला सव्वाचार हजारांच्या आसपास बसेल. आधार योजनेचे पैसे आले तर कर्ज तेवढं कमी उचला.

कर्ज हातात यायला महिना-दोन महिने जातील. तेवढ्यासाठी आईला विचारून दोन शेळ्या विका. आईला जड जाईल, पण शेळ्या पुन्हा घेता येतात.

आता घाईचं काम. कर्जाला वडील सहकर्जदार लागतात, म्हणजे त्यांची सही. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर तहसीलमधून आत्ताच काढा. बहिणीचं बँक खातं तिच्या आधार कार्डाशी जोडा. आणि तिच्या आधारला मोबाइल नंबर कुणाचा आहे ते बघा. वडिलांचा असेल तर बदलून तिचाच टाका. नाहीतर ही इथे महाडीबीटीचा, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरचा, अर्ज भरत बसेल आणि ओटीपी जाईल सांगलीकडच्या फडात, कोपीत (तोडणीवाल्यांच्या झोपडीत) चार्जिंग संपून पडलेल्या फोनवर. आई-वडील तोडणीला जायची गाडी भरायच्या आत हे सगळं उरका.