'हेर्बात्निकी' ही कुठली वनस्पती?

एका वाचकाने विचारलं आहे: पोलंडच्या 'ब्लोक चेकोलादोव्ही'ला मराठीत 'नो-बेक केक' म्हणावं का? आणि त्याच्या कृतीत 'हेर्बात्निकी' घालायला सांगतात, ती कुठली औषधी वनस्पती?

केक मुळीच म्हणू नये. फ्रिजमध्ये घट्ट झालेल्या प्रत्येक गोडाला केक म्हणायची खोड लागली आहे, ऐकून कान किटले. 'ब्लोक' म्हणजे ठोकळा, '-ओव्ही' हे विशेषण करणारं शेपूट. चॉकलेटचा ठोकळा, बस्स. लोणी, साखर, कोको, थोडं पाणी एकजीव होईस्तोवर गरम करायचं, कोमट झालं की दुधाची भुकटी घालायची. कढत असताना घातलीत तर गुठळ्या होतात आणि मग कितीही घोटा, मोडत नाहीत. शेवटी बिस्किटांचे तुकडे. लांबट भांड्यात दाबून बसवा, रात्रभर गार करा, काप करा. 1980च्या दशकात पोलंडच्या दुकानांत खऱ्या चॉकलेटचा तुटवडा होता, तेव्हा घरोघरी हेच होत असे. आपल्याकडे 'वडी' हा शब्द असताना केकचं लचांड कशाला?

आणि ही बिस्किटं म्हणजेच 'हेर्बात्निकी'! पोलिशमध्ये चहाला 'हेर्बाता' म्हणतात, त्यावरून चहाबरोबर खायचं ते 'हेर्बात्निक'. 'हेर्बात्निकी' हे अनेकवचन. पण वाचकाच्या कानाला वनस्पतीचा वास आला तो खोटा नाही. 'हेर्बाता' आला लॅटिन 'हेर्बा थेआ'वरून. 'हेर्बा' म्हणजे वनस्पती, आणि शेवटच्या 'ता'मध्ये 'थेआ', म्हणजे चहा, दडून बसला आहे. पोलंडमध्ये चहा आधी औषध म्हणून आला. माझं ठाम मत आहे की हा शब्द वैद्याच्या चिठ्ठीतून स्वयंपाकघरात उतरला. आपणही जास्त उकळलेल्या चहाला 'काढा झाला' म्हणतोच की. लिथुआनियन लोकांची 'अर्बाता' याच घरातली.

म्हणूनच "चहा जमिनीवरून गेला तिथे त्याचं नाव 'चा'वरून पडलं, समुद्रावरून गेला तिथे 'ते'वरून" हे सूत्र छातीठोकपणे सांगणाऱ्या पंडितांशी माझं जमत नाही. पोर्तुगीजांनी चीनच्या किनाऱ्यावरच्या मकाऊहून 'चा'चाच 'शा' नेला तो काय बैलगाडीतून? आणि 'हेर्बाता' कुठल्या खणात टाकणार? अपवाद म्हणून तळटीपेत ढकलतात आणि पुढे जातात. मला तर ती तळटीपच मुख्य मजकूर वाटते, कारण खरी गंमत पुढे आहे. चहाची किटली पोलिशमध्ये 'चाइनिक'. हा शब्द रशियनमधून आला, म्हणजे त्यात सरळ आपलाच 'चा'. एकाच ओट्यावर भांड्याच्या नावात 'चा' आणि आत उकळणाऱ्या पेयाच्या नावात 'थेआ'च्या रूपाने 'ते'.