आपत्तीतून घर सावरलं, तरी लोक खर्चाला का घाबरतात?

नुकसान भरून निघतं, पण ‘पुन्हा झालं तर?’ हा प्रश्न घरात मुक्काम ठोकतो. म्हणून कुटुंबं हाताशी रोकड ठेवतात आणि नवा धंदा, शिक्षण असे लांब पल्ल्याचे खर्च पुढे ढकलतात. अर्थशास्त्रात याला खबरदारीची बचत म्हणतात. धोका किती हे ठाऊक असेल तर माणूस तो पत्करतो, शक्यताच माहीत नसेल तर मागे सरतो, हे अर्थतज्ज्ञ डॅनियल एल्सबर्ग यांनी १९६१ मध्ये मांडलं होतं.

मला खरी काळजी वाटते ती गरीब घरांची. त्यांच्याकडे बचत नसते, म्हणून ही घरं जनावरं, अवजारं विकतात, मुलांना शाळेतून काढतात, स्वतःचं जेवण कमी करतात. पूर चार दिवसांत ओसरतो, पण विकलेलं जनावर परत घ्यायला वर्षं जातात. आणि तान्ह्या वयात झालेली उपासमार मुलाच्या उंचीवर, शिकण्यावर मोठेपणीही दिसते.

आपत्तीनंतर झोप न लागणं, आभाळ भरून आलं की छातीत धडधडणं, हा भित्रेपणा नव्हे. अशा माणसाला कृपया ‘आता विसर’ म्हणू नका. महिनोन्‌महिने हे थांबलं नाही, तर डॉक्टरांकडे घेऊन जा.