वाचक विचारतात : मरीन ड्राइव्हला जायचंय, पण कधी?

प्रश्न : श्रावणात मुलांना मरीन ड्राइव्हच्या लाटा दाखवायच्या आहेत. शेजारचे गेले होते, तर पाणी नुसतं डुलत होतं म्हणे. लाटा नेमक्या केव्हा उसळतात? (एक वाचक, पारोळा)

भरती पाणी कठड्यापर्यंत चढवते, लाट मात्र वारा उठवतो. दोन्ही जुळले तरच पाणी रस्त्यावर येतं. म्हणून डिसेंबरात ऐन भरतीलाही समुद्र शांत असतो आणि पावसाळ्यातही ओहोटीला गेलात तर खालचे काँक्रीटचे चौपायेच दिसतात. शेजारी बहुधा ओहोटीला पोचले असावेत.

वेळ काढायला किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे : तिथीला पाऊणने गुणा. आखाजीची तृतीया घ्या. तीन पाऊण सव्वादोन, म्हणजे दुपारी सव्वादोनच्या सुमारास भरती आणि साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. अष्टमीला सहा येतात. पण ती भांगाची भरती, पाणी फार चढत नाही. अमावास्या-पौर्णिमेला भरती बाराच्या आसपास, आणि ते उधाण. या हिशेबात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तेव्हा निघण्याआधी मुंबईच्या दैनिकात वेळ पाहून घ्या.

सर्वांत मोठं उधाण अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी येतं. हे तुमच्या पथ्यावरच पडेल, कारण पोळ्याला बैल सोडून कोण निघणार! पोळा उरकून निघा आणि दुपारी बारा ते अडीच तिथे राहा. महापालिका पावसाळ्याआधी साडेचार मीटरवरच्या भरतीच्या तारखा जाहीर करते. तो आकडा लाटेच्या उंचीचा नव्हे, ठरावीक पातळीपासून मोजलेल्या पाण्याच्या पातळीचा. लाट त्याच्यावर.

लाटेबरोबर दगड आणि प्लास्टिकही उडतं, म्हणून मुलांना इमारतींच्या बाजूच्या फुटपाथवरून दाखवा. चौपायांवर उतरू देऊ नका. शेवाळानं पाय सटकतो आणि फटीत अडकलेल्या माणसाला वर काढणं भल्याभल्यांना जमत नाही. पोलिसांनी मागं हटवलं तर वाद नको.

प्रश्न : जळगावहून सकाळी दादरला उतरलो तर पुढे कसं जायचं? सूर्यास्त चौपाटीवरून पाहावा का? (एक वाचक, जळगाव)

दादरला पुलावरून पश्चिम रेल्वेकडे या आणि चर्चगेटची लोकल धरा. मरीन लाइन्स किंवा चर्नी रोडला उतरायचं असेल तर धीमीच हवी. सामान मोठं असेल तर सकाळची गर्दी ओसरू द्या. रिक्षा शोधू नका. माहीम-सायनच्या दक्षिणेला त्या चालत नाहीत, टॅक्सी मीटरवर घ्या. परतीची गाडी सीएसएमटीहून असेल तर पुन्हा दादर गाठण्यात अर्थ नाही. मरीन ड्राइव्हवरून टॅक्सीनं थेट जा, मध्ये वाहतूक तुंबते एवढा वेळ हाताशी ठेवा.

सूर्यास्तासाठी चौपाटी नको. तिथून पश्चिमेला मलबार हिल आडवी येते, सूर्य टेकडीमागं जातो. नरिमन पॉइंटच्या टोकाला बसा, समोर मोकळा समुद्र मिळेल. भेळ खायला मात्र चौपाटीच. दोन टोकांमधलं अंतर साधारण साडेतीन किलोमीटर, म्हातारी माणसं बरोबर असतील तर सगळं चालायचा हट्ट नको.

प्रश्न : आम्ही मे महिन्यात ४४ अंश सोसतो. मुंबईच्या ३४ अंशांची काय धास्ती? (एक वाचक, भुसावळ)

धास्ती दमट हवेची आहे. आपल्याकडं हवा कोरडी, घाम लगेच उडतो आणि अंग गार पडतं. कूलरही त्याच जोरावर चालतो. तिथं घाम अंगावरच राहतो, सदरा चिकटतो, तहान उशिरा कळते. दुपारी कठड्यावर बसूच नका, काँक्रीट चटके देतं. पाचनंतर समुद्राचा वारा असतो. पाण्याची बाटली, थोडं मीठ-साखर आणि सुती कपडे घ्या. दशम्या-ठेचा जरूर न्या. फक्त उघड्यावर सोडला की कावळे हजर होतात, डबा झाकूनच ठेवा.