गोव्यातल्या पंचायती आणि नगरपालिकांच्या परवान्यांसाठी सॉफ्टवेअर करताना सगळ्यात आधी कशाकडे लक्ष द्यावं?

तुम्ही लिहिलंय की पुण्यातल्या तुमच्या छोट्या कंपनीला गोव्यातल्या स्थानिक संस्थांसाठी परवाने आणि ना हरकत दाखल्यांच्या अर्जांचं सॉफ्टवेअर करायचं आहे. फॉर्म, लॉगिन, पेमेंट गेटवे आणि अर्जाची स्थिती दाखवणारं पान तयार आहे. आता पुढे काय, आणि हे सगळं स्वतः लिहावं की तयार प्लॅटफॉर्म घ्यावा, असा तुमचा प्रश्न आहे.

मी फोंड्यात राहते आणि बरीच वर्षं याच कामात आहे. काउंटरवरच्या कारकुनांशी बोलायचं, जुन्या फायली चाळायच्या आणि त्यातलं काम डेव्हलपरला कळेल अशा भाषेत लिहून द्यायचं, हा माझा रोजचा धंदा. म्हणून ठासून सांगते: परत येणाऱ्या अर्जाचा रस्ता आधी बांधा. सगळे कागद बरोबर असलेला अर्ज कुठल्याही सॉफ्टवेअरमधून सुखरूप पार पडतो. खरी परीक्षा त्रुटी निघालेल्या अर्जाची असते, आणि पहिल्या खेपेला त्रुटी न निघणारे अर्ज कमीच असतात.

माझ्या डोळ्यांसमोरची एक फाईल सांगते. एका बाईंना भाड्याच्या गाळ्यात खानावळ काढायची होती. व्यवसाय परवान्यासाठी ऑनलाइन अर्ज केला. पहिला शेरा आला, 'कागदपत्रे अपूर्ण, पूर्तता करावी.' कुठला कागद, ते नाही. त्यांनी बिचाऱ्यांनी सगळे कागद पुन्हा स्कॅन करून चढवले. मग शेरा आला, 'मालकाचा ना हरकत दाखला जोडलेला नाही.' तो आणला. तिसऱ्यांदा शेरा, 'गाळ्याची घरपट्टी थकीत आहे.' ती थकबाकी पहिल्या दिवशीही होतीच, फक्त कोणी पाहिली नव्हती. दर खेपेला अर्ज रांगेच्या शेवटी जाऊन पडत होता आणि सिस्टीममध्ये त्याची तारीख नवी होत होती. त्यामुळे मुख्याधिकाऱ्यांच्या रिपोर्टमध्ये तो अर्ज कायम दोन-चार दिवसांचाच दिसायचा. बाई तिकडे गाळ्याचं भाडं भरत होत्या आणि इकडे प्रलंबित अर्जांचा तक्ता हिरवागार होता.

त्यात एकट्या कारकुनाला दोष देता येत नाही. सॉफ्टवेअरनं त्याच्यापुढे एक मोकळा रकाना आणि 'परत पाठवा' असं एक बटण ठेवलं होतं. समोर माणसं उभी असताना तो त्या रकान्यात जेवढं सुचेल तेवढंच लिहिणार.

यावर उपाय करता येतो, आणि तो अवघडही नाही. अर्जातल्या प्रत्येक कागदाला स्वतःची ओळ द्या आणि प्रत्येक ओळीवर 'योग्य' किंवा 'त्रुटी' अशी खूण सक्तीची करा. त्रुटी असेल तर कारण यादीतून निवडायचं आणि खाली एक वाक्य स्वतःचं लिहायचं. सगळ्या ओळींवर खूण झाल्याशिवाय परत पाठवण्याचं बटण उघडूच नये. थकबाकीसारख्या गोष्टी माणसाच्या नजरेवर न सोडता घरपट्टीच्या नोंदीतून आपोआप तपासा, आणि त्याही अर्ज भरतानाच, म्हणजे अर्जदाराला तिथल्या तिथे कळेल. दुसऱ्यांदा अर्ज परत पाठवायचा असेल तर तो फक्त नव्यानं आलेल्या कागदांवरून. आधी 'योग्य' म्हटलेल्या कागदावर नंतर शंका आली, तर वरच्या अधिकाऱ्याची मंजुरी आणि लेखी कारण लागलंच पाहिजे. आणि आवक क्रमांक व आवक तारीख काहीही झालं तरी बदलता कामा नये. हा शेवटचा नियम डेटाबेसमध्येच बसवा. स्क्रीनवर बसवलेले नियम पुढच्या आवृत्तीत कोणीतरी सैल करतो.

कारणांची यादी तुमच्या ऑफिसात बसून करू नका. जुने शेरे गोळा करा, त्यातूनच ती निघते. अर्जदाराला जाणारा एसएमएसही त्याच यादीतून तयार व्हावा. 'आपल्या अर्जात त्रुटी आहे, कृपया पोर्टल पाहावे' या संदेशाचा काहीच उपयोग नाही. 'गाळ्याच्या मालकाचं संमतिपत्र हवं, बाकी सगळे कागद ठीक आहेत' असं आलं तर माणूस त्याच दिवशी कामाला लागतो. हे संदेश कोकणी आणि मराठीत असू देत. 1987 च्या राजभाषा कायद्यानं देवनागरी कोकणी ही गोव्याची राजभाषा आहे आणि शासकीय कामासाठी मराठीलाही त्यात जागा आहे. तरी बहुतेक पोर्टलांवर त्रुटीचा संदेश इंग्रजीतच येतो, आणि सत्तरी तालुक्यातला शेतकरी तो वाचून घ्यायला झेरॉक्सच्या दुकानात जातो. हे मला मनापासून खटकतं.

आता दिवस मोजण्याबद्दल. गोवा पंचायत राज कायदा 1994 च्या कलम 66 नुसार बांधकामाच्या अर्जावर पंचायतीनं 30 दिवसांत निर्णय कळवायचा असतो. तसं झालं नाही तर अर्जदार पंचायत खात्याच्या उपसंचालकांकडे अपील करू शकतो. शिवाय नागरिकांना कालबद्ध सेवा देण्याचा 2013 चा कायदा आहे. म्हणजे तुमच्या सॉफ्टवेअरमधला दिवसांचा आकडा उद्या अपिलात पुरावा म्हणून दाखवला जाणार. दोन घड्याळं ठेवा, अर्ज कार्यालयाकडे किती दिवस होता आणि अर्जदाराकडे किती दिवस होता. अर्जदाराकडचे दिवस कायद्याच्या मुदतीत धरायचे की नाही, हे तुम्ही ठरवू नका. खात्याकडून सेवानिहाय लेखी घ्या.

पंचायतीत आणखी एक टप्पा येतो, जो बाहेरून आलेले लोक हमखास विसरतात. बरेच विषय सचिवाच्या सहीनं संपत नाहीत, ते पंचायत मंडळाच्या बैठकीपुढे जातात आणि ठराव होतो. तुमच्या सिस्टीममध्ये 'बैठकीपुढे ठेवला' ही अवस्था आणि तिच्यासोबत बैठकीची तारीख हवी, नाहीतर अर्ज नुसताच 'प्रक्रियेत' दिसत राहतो. बैठकीची विषयपत्रिका याच यादीतून छापून निघाली तर सचिव तुम्हाला दुवा देतील. अधिकारही व्यक्तीला न देता पदाला द्या. 2022 मध्ये पंचायतींची मुदत संपून निवडणूक होईपर्यंत प्रशासक नेमले गेले होते. अशा वेळी सरपंचाचं लॉगिन दुसऱ्याला वापरायला देऊन काम चालवलं जात असेल, तर त्या काळातल्या प्रत्येक मंजुरीवर पुढे प्रश्न उभा राहू शकतो.

जमिनीच्या बाबतीत तुमचा महाराष्ट्रातला अनुभव जपून वापरा. इथे सातबारा नाही, नमुना एक व चौदा आहे, आणि शहरी सर्व्हेत नमुना डी. एक-चौदाचा उतारा उघडलात की कब्जेदारांच्या रकान्यात नावांची रांग दिसेल. आजोबा, त्यांचे भाऊ, मुंबईला गेलेले चुलते, पोर्तुगालला असलेली आत्या. गोव्याच्या नागरी कायद्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्तेत नवरा-बायको दोघांचा हिस्सा येतो, आणि वारसा सगळ्या मुलांकडे जातो. काही घरं कोमुनिदादीच्या, म्हणजे गावाची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेच्या, जमिनीत आहेत, काही मुंडकारांची, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांची आहेत. त्यामुळे 'मालकाचं नाव' असा एकच रकाना असलेला फॉर्म इथे पहिल्याच आठवड्यात अडकेल. एका अर्जाला अनेक मालक, प्रत्येकाचा संबंध, प्रत्येकाची संमती आली की नाही आणि नसेल तर का, एवढं साठवायची सोय हवी. संमती नसतानाही अर्ज दाखल होऊ द्या. तो स्वीकारायचा की फेटाळायचा हा अधिकाऱ्याचा निर्णय आहे, फॉर्मनं तो परस्पर घेऊ नये.

नावांचंही तेच. पोर्तुगीज काळातल्या रोमन लिपीतल्या नोंदीत प्रभू हा 'पोरोबो' असतो, कामत 'कामोतीम' असतो, आणि 'श'नं सुरू होणारी नावं एक्स या अक्षरानं लिहिलेली असतात. आजोबांच्या जन्मदाखल्यातलं नाव आणि नातवाच्या आधार कार्डावरचं आडनाव अक्षर-अक्षर जुळवून पाहणारी तपासणी इथे खऱ्या माणसांना खोटं ठरवते. नाव जुळलं नाही तर अर्ज अडवू नका, फक्त अधिकाऱ्याला दिसेल अशी खूण करा आणि एकाच व्यक्तीची दोन-तीन नावं ठेवायला जागा द्या.

मला सगळ्यात जवळचा वाटणारा अर्ज नाटकाचा आहे. दिवाळीनंतर जत्रा-काल्यांचे दिवस सुरू झाले की गावोगाव देवळापुढे मंडप पडतो आणि गावातलीच पोरं मराठी नाटक उभं करतात. त्याला पंचायतीचा ना हरकत दाखला, पोलिसांचा दाखला आणि उपजिल्हाधिकारी कार्यालयाकडून ध्वनिक्षेपकाची परवानगी, अशी वारी करावी लागते. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 च्या नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सण-उत्सवांसाठी राज्य सरकारला वर्षात जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. आता या अर्जाला 30 दिवसांचं घड्याळ लावून काय होणार? नाटक शनिवारी आहे आणि परवानगी सोमवारी आली, तर सिस्टीमच्या हिशेबानं काम मुदतीत झालं आणि गावाच्या हिशेबानं वर्ष वाया गेलं. अशा अर्जांत कार्यक्रमाची तारीख हाच मुख्य रकाना धरा आणि कारकुनाची यादी त्या तारखेवर लावा, आवक तारखेवर नको. देवस्थान समितीनं एकदाच अर्ज करावा आणि तो तिन्ही कार्यालयांत एकाच वेळी दिसावा. एकाचा दाखला मिळाल्याशिवाय दुसऱ्यानं फाईल उघडायची नाही ही साखळी बऱ्याचदा केवळ सवयीची असते, नियमात ती आहे का ते विचारून घ्या.

साखळीवरून आठवलं. खानावळीच्या अर्जाला अन्न परवाना लागतो, तो फॉस्कॉस या केंद्राच्या ऑनलाइन अन्न परवाना प्रणालीवरून येतो. 1 जून 2020 ला ती प्रणाली पहिल्या टप्प्यात सुरू झाली, त्यात गोवाही होता. तो दाखला पुन्हा स्कॅन करून मागण्यापेक्षा त्याचा क्रमांक आणि मुदत नोंदवा. प्रत्येक परवान्याला दुसरा कुठला कागद आधी लागतो, याचा एक नकाशा भिंतीवर काढा. कुठेतरी 'आधी त्यांचा आणा', 'आधी यांचा आणा' असं गोल फिरणारं वर्तुळ सापडेलच. ते कोडमध्ये सुटत नाही. अधिकाऱ्याला दाखवून कुठला कागद आधी मानायचा, ते लेखी ठरवून घ्या.

पाहणीच्या ॲपबद्दल थोडक्यात. काणकोण, सांगे, सत्तरीच्या डोंगराळ वाड्यांवर रेंज भरवशाची नाही आणि पावसात वीजही नाही. फोटो, जागेचा नकाशावरचा बिंदू आणि शेरा मोबाइलमध्येच साठवून नंतर पाठवता आला पाहिजे, आणि पाहणीची वेळ जागेवरची नोंदली जावी, अपलोडची नव्हे. सुरक्षा तपासणी सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या यादीतल्या तपासनीस संस्थेकडून करून घ्यावी लागेल, त्याचा वेळ आणि खर्च निविदेतच धरा. लोकांचे आधार, घरपट्ट्या, विक्रीखतं तुमच्या हातात येणार आहेत. 2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा वाचूनच सर्व्हरवर काय ठेवायचं ते ठरवा.

तयार घ्यावं की स्वतः लिहावं? नगरपालिकेच्या कामांसाठी ईगव्हर्न्मेंट्स फाउंडेशनचा डिजिट हा प्लॅटफॉर्म ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेला, आहे आणि त्यात व्यवसाय परवान्याचा मॉड्यूल आहे. एनआयसी या केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान संस्थेचं सर्व्हिसप्लस हे ऑनलाइन सेवांचं सॉफ्टवेअर अनेक राज्यांत चालतं. गोवा ऑनलाइन हे राज्याचं पोर्टलही आहेच, नागरिकाला आणखी एक लॉगिन आणि पासवर्ड देण्याआधी त्याच्याशी जोडता येतं का ते आधी विचारा. माझं मत विचाराल तर फॉर्म, पेमेंट, लॉगिन तयारच घ्या. मात्र वर सांगितलेली त्रुटीची पद्धत, न बदलणारी आवक तारीख आणि अनेक मालकांचा रकाना त्या प्लॅटफॉर्ममध्ये बसवता येतो का, हे डेमोतच तपासा. डेमोत सगळे कागद बरोबर असलेला अर्ज दाखवतील. तुम्ही मुद्दाम एक कागद कमी असलेला अर्ज द्या आणि तो दोनदा परत पाठवायला लावा.

कराराआधी कार्यालयाकडून एकच गोष्ट मागा: मागच्या वर्षी परत पाठवलेल्या अर्जांच्या फायली, शेऱ्यांसकट. नावं झाकून दिल्या तरी चालतील. त्या घेऊन काउंटरवरच्या कारकुनाशेजारी बसा आणि प्रत्येक शेऱ्याला विचारा, हे पहिल्याच खेपेला का कळलं नाही. त्याची उत्तरं आली की इथे परत लिहा, कुठल्या सेवेपासून सुरुवात करायची ते मी त्यावरून नेमकं सांगू शकेन.