शेवट आधी ठरव

प्रिय मित्रा,

अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलनवरचे माहितीपट पाहून एखाद्या गायकाच्या सुरुवातीच्या वर्षांवर तुलाही फिल्म करावीशी वाटतेय, हे वाचून मनापासून आनंद झाला. कामाला लागण्याआधी एक कर. फिल्म कोणत्या वर्षी, कोणत्या प्रसंगावर थांबणार ते कागदावर लिही.

दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसीचा डिलनवरचा माहितीपट ‘नो डिरेक्शन होम’ (२००५) २०८ मिनिटांचा आहे, पण तो डिलनच्या जुलै १९६६ च्या मोटरसायकल अपघातापाशी थांबतो. पुढची जवळपास चाळीस वर्षं त्यात येत नाहीत. शेवट पक्का असल्यामुळेच मांडणी जमली आहे. १९६६ च्या ब्रिटन दौऱ्यातला इलेक्ट्रिक गिटारवाला डिलन आणि त्यानं लोकगीतांची साधी गिटार सोडली म्हणून त्याची हुर्यो उडवणारे श्रोते पुन्हा पुन्हा येतात. त्यांच्या अधेमधे मिनेसोटातलं लहानपण, मग १९६१ मधलं न्यूयॉर्क. हाच पोरगा इथवर कसा आला, हे कुतूहल म्हणून टिकून राहतं. जन्मापासून ओळीनं सांगत गेलास, तर पहिल्या अर्ध्या तासात ते संपेल.

डी. ए. पेनबेकरचा ‘डोंट लुक बॅक’ मात्र हातात वही घेऊन बघ. १९६५ चा इंग्लंड दौरा, १६ मिमी रुंदीची कृष्णधवल फिल्म, निवेदन नाही, समोर बसवून घेतलेल्या मुलाखती नाहीत. सुरुवात कशी झाली असं एक पत्रकार विचारतो आणि उत्तराऐवजी थेट १९६३ मधलं मिसिसिपीतलं ग्रीनवुड दिसतं. शेतात जमलेल्या माणसांपुढे डिलन गातोय. हे फुटेज पेनबेकरचं नव्हे, एड एम्शविलर या दुसऱ्या फिल्मकाराचं. एवढा एकच तुकडा भूतकाळाचा, तोही नेमक्या प्रश्नानंतर. तुझ्याकडे जुनं फुटेज ढीगभर असेल, तरी प्रत्येक तुकडा कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे ते त्याच्यासमोर लिही. असा प्रश्न सापडला नाही, तर तो तुकडा बाजूला ठेव.

आता ध्वनी. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतात, म्हणून सविस्तर लिहितोय. १६ मिमीचं ४०० फुटांचं रीळ सेकंदाला २४ फ्रेमनं ११ मिनिटं चालतं, आणि गाण्याच्या मध्येच संपतं. आवाज बहुतेक वेळा वेगळ्या टेपवर असतो, त्यामुळे तो पुढे चालू राहतो. अशा जागी दुसऱ्या मैफलीतलं चित्र चिकटवू नकोस. गिटारवरची बोटं जुळत नाहीत आणि वाजवणाऱ्या प्रेक्षकाला ते लगेच कळतं. श्रोत्यांचे चेहरे लाव, पण त्याच रात्रीचे.

दुसरा घोळ वेगाचा. २४ फ्रेमची फिल्म टीव्हीसाठी २५ वर चालवून केलेली कॉपी सुमारे चार टक्के वेगानं पळते. तीन मिनिटांचं गाणं सात सेकंद आधी संपतं आणि स्वर जवळजवळ पाऊण सेमीटोनने (सेमीटोन म्हणजे लगतच्या दोन स्वरांमधलं अंतर) चढतो. गायक ‘जी’च्या पकडीत वाजवताना दिसतो, ऐकू मात्र ‘जी शार्प’च्या जवळचं येतं. कॅपो (स्वर चढवायला गिटारच्या मानेवर लावायचा चिमटा) कुठल्या पडद्यावर आहे ते चित्रात बघ, प्रकाशित ध्वनिमुद्रणाशी ताडून घे आणि मगच संकलनाला बस. कापाकापी झाल्यावर वेग दुरुस्त करायचा, तर प्रत्येक सांधा नव्यानं जुळवावा लागतो.

हक्कांचं थोडक्यात: एका गाण्याला दोन परवानग्या लागतात, शब्द-चालीची एक आणि ध्वनिमुद्रणाची एक. फुटेजची तिसरी. गीत पारंपरिक असलं तरी त्या रेकॉर्डिंगला मालक असू शकतो. महोत्सवापुरती परवानगी स्वस्तात मिळते, म्हणून अनेकजण तेवढ्यावरच थांबतात; पुढे प्रक्षेपणाची वेळ आली की समोरचा सांगेल तो भाव द्यावा लागतो. महोत्सव आणि प्रक्षेपण, दोन्हींचे दर पहिल्याच पत्रात लेखी मागव.

आणि निदान एक गाणं अख्खं ठेव. पेनबेकरनं मैफलीतली गाणी बरीच छाटली आहेत; त्याला माणूस दाखवायचा होता, म्हणून ते चाललं. तुझा गायक लोकांना अजून ठाऊक नाही. त्याचा श्वास, दोन कडव्यांमधला हार्मोनिका, शेवटची तार विझेपर्यंतची शांतता, हे सगळं ऐकू येऊ दे.

फुटेजची यादी झाली की पाठव. तारीख, जागा, फ्रेमचा वेग, मूळ टेप कुणाकडे आहे आणि परवानगी कुठवर आली, एवढे रकाने हवेत.

तुझा,
एक संकलक