वाचकांचे प्रश्न : सिंगापूरच्या रात्रीची वाट पाहताना

येत्या ११ ऑक्टोबरला, रविवारी, सिंगापूरच्या मरीना बे परिसरातील रस्त्यांवर फॉर्म्युला वनची रात्रीची शर्यत होणार आहे. गेल्या महिन्याभरात या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे याच शर्यतीविषयी आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : ही शर्यत रात्रीच का भरवतात? दिव्यांवर एवढा खर्च करण्यापेक्षा ती दिवसा घेणे सोपे नव्हते का? (एक विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर : मुख्य कारण घड्याळाचे आहे. फॉर्म्युला वनचा जुना आणि मोठा प्रेक्षकवर्ग युरोपात आहे. सिंगापूरला दुपारी शर्यत घेतली, तर युरोपातील माणसाला ती सकाळी लवकर उठून पाहावी लागेल. तेथे रात्रीचे आठ वाजतात, तेव्हा पॅरिस आणि रोममध्ये दुपारचे दोन वाजलेले असतात आणि आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच. म्हणजे आपल्या घरी दिवेलागण होण्याआधीच आपण तेथील झगमगती रात्र पाहत असतो. २८ सप्टेंबर २००८ रोजी येथे झालेली शर्यत ही फॉर्म्युला वनच्या इतिहासातील पहिली रात्रीची शर्यत होती, आणि ती ज्यांनी थेट पाहिली त्यांना त्या दिवशीचा दिव्यांखालचा गाड्यांचा रंग आजही आठवत असेल.

या वेळापत्रकाची आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. सिंगापूरला आलेले चालक आणि मेकॅनिक आपल्या शरीराचे घड्याळ बदलूच देत नाहीत. ते उजाडता उजाडता झोपतात, दुपारी उठतात आणि शहर घरी परतू लागते तेव्हा कामाला लागतात. सूर्यप्रकाश आत येऊ नये म्हणून हॉटेलच्या खोल्यांचे पडदे घट्ट ओढून घेतलेले असतात. आपल्याकडच्या रात्रपाळीच्या कामगाराला हे सारे ओळखीचे वाटेल.

प्रश्न : मी वीज मंडळातून निवृत्त झालेला अभियंता आहे. ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास वेग असताना दिव्यांमुळे चालकाचे डोळे दिपत नाहीत का? पाऊस आला तर काय होते? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपल्या पहिल्या प्रश्नातच या शर्यतीचे अर्धे तंत्र आहे. पहिल्या वर्षी ट्रॅकभोवती सुमारे १५०० प्रकाशझोत बसवले गेले, आणि ट्रॅकवर सुमारे ३००० लक्स (प्रकाश मोजण्याचे एकक) इतका प्रकाश पडेल अशी योजना केली गेली. मात्र नुसता भरपूर प्रकाश असून भागत नाही, तो सर्वत्र सारखा असावा लागतो. एक पट्टा उजळ आणि पुढचा काळोखा असे झाले, तर चालकाच्या डोळ्यांना क्षणोक्षणी जुळवून घ्यावे लागेल आणि ब्रेक मारण्याची नेमकी जागा चुकेल. त्यासाठी दिवे जवळजवळ लावतात आणि झोत चालकाच्या डोळ्यांवर न येता रस्त्यावर तिरपे पडतील अशा कोनात ते बसवतात. दूरदर्शनवर नीट पाहिलेत, तर गाड्यांच्या सावल्या फारच फिकट दिसतील.

पाऊस मात्र खरोखर अवघड करतो. उडालेल्या पाण्याच्या तुषारांवर प्रकाश पसरतो आणि पुढची गाडी धुक्यात गेल्यासारखी वाटते. त्यातच हा रोजच्या वापराचा रस्ता असल्यामुळे त्यावर पांढरे पट्टे रंगवलेले असतात, आणि ओल्या पट्ट्यावर चाक चढले की ते घसरते. शिवाय रात्री ऊन नसते आणि हवा दमट असते, त्यामुळे ट्रॅक लवकर वाळत नाही. २०२२ मध्ये पावसामुळे शर्यत तासभर उशिरा सुरू झाली, आणि पाऊस थांबल्यावरही ओल इतकी रेंगाळली की कोरड्या ट्रॅकचे टायर घालायला संघ बराच काळ धजावत नव्हते. अखेर दोन तासांची मर्यादा संपली आणि ६१ ऐवजी ५९ फेऱ्यांवर शर्यत थांबवावी लागली.

प्रश्न : माझा धाकटा मुलगा म्हणतो की चालक नुसते बसून असतात, त्यांना कसला आला थकवा? त्याला काय सांगावे? (एक डॉक्टर, सातारा)

उत्तर : डॉक्टरसाहेब, त्याला एकच प्रयोग करायला सांगा. मे महिन्यात, पंखा बंद करून, स्वेटर आणि कानटोपी घालून दोन तास व्यायाम कर, म्हणावे. सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम एक अंश उत्तरेला आहे. वाळवंटी प्रदेशात सूर्य मावळला की गारवा येतो, येथे तो येत नाही, रात्री आठ वाजताही पारा तिशीच्या आसपास असतो आणि हवा घाम वाळू देत नाही. आपल्याला ठाऊकच आहे की घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. चालकाच्या अंगावर आगीपासून रक्षण करणारे जाड कपडे थरांवर थर असतात, आणि कॉकपिटमधील तापमान पन्नास अंशांच्या पुढे जाते. शर्यत संपेपर्यंत दोन-तीन किलो वजन घामावाटे जाते. हेल्मेटमध्ये नळीने पाणी पोहोचवण्याची सोय असते, पण अर्ध्या शर्यतीनंतर ते पाणी चहाइतके गरम झालेले असते.

बहुतेक ट्रॅकवर लांब सरळ रस्ते असतात आणि तेथे चालकाला श्वास घ्यायला उसंत मिळते. येथे १९ वळणे आहेत आणि दोन्ही बाजूंना भिंत आहे, त्यामुळे उसंत जवळजवळ नाहीच. २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मोटरक्रीडा महासंघाने (एफआयए) याच शर्यतीसाठी पहिल्यांदा अधिकृतरीत्या 'उष्णतेचा धोका' जाहीर केला. त्या वेळी गाड्यांत शीतकरणाची यंत्रणा आली आणि थंड द्रव खेळवणारे नळ्यांचे बनियान घालायचे की नाही, हे चालकावर सोडले गेले. काहींना त्या नळ्या अंगाला टोचतात म्हणून ते नको होते. माझे मत विचाराल, तर मला ही सोय फार आधी हवी होती, कारण माणूस बेशुद्ध होण्याच्या काठावर पोहोचला म्हणून खेळ काही जास्त थोर होत नाही.

प्रश्न : स्पष्ट लिहितो, राग मानू नये. सिंगापूरला कोणी कोणाला मागे टाकत नाही. जो शनिवारी पहिला, तोच रविवारी पहिला. मग एवढी वाट का पाहायची? (एक वाचक, पुणे)

उत्तर : राग कशाचा, आपले म्हणणे आकड्यांच्या कसोटीवर बऱ्याच अंशी खरे आहे. २००८ पासून २०२५ पर्यंत येथे १६ शर्यती झाल्या (२०२० आणि २०२१ मध्ये महासाथीमुळे खंड पडला), आणि त्यांपैकी ११ शर्यती पोल पोझिशनवरून, म्हणजे शनिवारच्या पात्रता फेरीत सर्वांत वेगवान ठरून मिळवलेल्या पहिल्या जागेवरून, सुरुवात करणाऱ्यानेच जिंकल्या. २०२४ मध्ये लँडो नॉरिस पहिल्या क्रमांकावरून निघाला आणि वीस सेकंदांहून अधिक फरकाने जिंकला. २०२५ मध्ये जॉर्ज रसेलनेही पोलवरूनच बाजी मारली.

परंतु मला वाटते की आपण येथे चुकीची गोष्ट मोजत आहात. या शर्यतीत खरा सामना चालक आणि भिंत यांच्यात असतो. २०१८ मध्ये मी पडांग मैदानाजवळच्या एका स्टँडवरून तीन दिवस पाहत होतो. समोरच्या वळणाच्या तोंडाशी असलेली भिंत शुक्रवारी संध्याकाळी स्वच्छ होती. शनिवारी रात्री पात्रता फेरी संपली, तेव्हा तिच्यावर हातभर लांबीचे काळे फराटे उठले होते, एकावर एक, जवळजवळ एकाच उंचीवर. ते अपघात नव्हते. सेकंदाचा दहावा भाग वाचवण्यासाठी चालक टायरची कड भिंतीला मुद्दाम घासून नेत होते. घरी बसून पाहतानाही हे कळू शकते : टायरच्या बाजूवरची रंगीत अक्षरे पुसट झालेली दिसली, की समजावे, हा गडी भिंतीला शिवून आला आहे. हे धाडस दोन इंचांनी चुकले तर सस्पेन्शन मोडते आणि शर्यत तेथेच संपते. म्हणूनच माझ्या दृष्टीने शनिवारची पात्रता फेरी हा वर्षातील सर्वांत थरारक तास असतो, आणि ज्यांना केवळ रविवार पाहायचा आहे त्यांना मी शनिवारही पाहा, असे कळकळीने सांगेन.

आणि मागे टाकता येत नाही म्हणून डोके चालवावे लागते. २०२३ हे साल रेड बुलचे होते, त्यांनी २२ पैकी २१ शर्यती जिंकल्या. उरलेली एक म्हणजे सिंगापूर. फेरारीचा कार्लोस साइन्झ आघाडीवर होता, त्याच्या मागे नॉरिस, आणि त्या दोघांच्या मागे ताज्या टायरवर मर्सिडीजचे रसेल आणि हॅमिल्टन झेपावत होते. साइन्झने पळून जाण्याऐवजी वेग हातचा राखला आणि नॉरिसला आपल्यापासून एका सेकंदाच्या आत ठेवले, म्हणजे तेव्हाच्या नियमाप्रमाणे नॉरिसला मागचा पंख उघडून हवेचा विरोध कमी करण्याची आणि वेग वाढवण्याची मुभा मिळत राहील आणि तो मर्सिडीजला रोखून धरील. प्रतिस्पर्ध्यालाच ढाल करण्याचा हा डाव शेवटच्या फेरीपर्यंत टिकला. त्या फेरीत नॉरिसची गाडी एका वळणावर भिंतीला ओझरती लागली, आणि पाठोपाठ रसेल त्याच जागी जोरात आदळून बाद झाला. मागे टाकण्याची एकही मोठी घटना नसताना त्या शेवटच्या दहा फेऱ्या मी उभ्यानेच पाहिल्या होत्या.

यंदा आपल्या तक्रारीला थोडे उत्तर मिळण्याची आशाही आहे. २०२३ मध्ये तरंगत्या व्यासपीठाच्या जागेच्या बांधकामामुळे चार वळणांच्या जागी एक सरळ पट्टा आला आणि ट्रॅक पाच किलोमीटरच्या आत आला. २०२५ मध्ये पिट लेनची (टायर बदलायला गाड्या जातात त्या बाजूच्या रस्त्याची) वेगमर्यादा ताशी ६० वरून ८० किलोमीटर झाली, त्यामुळे टायर बदलण्यात वाया जाणारा वेळ कमी झाला आणि दुसऱ्यांदा थांबण्याचा धोका पत्करणे थोडे सोपे झाले. २०२६ च्या नियमांनुसार गाड्या दहा सेंटिमीटरने अरुंद, वीस सेंटिमीटरने आखूड आणि सुमारे तीस किलोने हलक्या झाल्या आहेत, आणि भिंतींच्या मध्ये दहा सेंटिमीटर ही लहान गोष्ट नाही. मागचा पंख उघडण्याची जुनी पद्धत गेली असून आता पुढच्या गाडीच्या एका सेकंदाच्या आत असणाऱ्याला जादा विद्युतशक्ती वापरता येते. याखेरीज येथे प्रथमच शनिवारी सुमारे शंभर किलोमीटरची स्प्रिंट शर्यतही होणार आहे. त्यामुळे सरावाचे सत्र एकच मिळेल, आणि या ट्रॅकवर सराव अपुरा असणे म्हणजे चुकांना आमंत्रणच आहे. मला स्वतःला तीन सत्रांचा सराव आवडतो, कारण चालक भिंतीच्या जवळ हळूहळू सरकत जातो ते पाहण्यात मजा असते, पण यंदा तो आनंद थोडा कमी मिळेल.

प्रश्न : २००८ च्या पहिल्याच शर्यतीत मुद्दाम अपघात घडवला गेला, हे खरे आहे का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : होय, दुर्दैवाने खरे आहे. रेनॉ संघाच्या नेल्सन पिके ज्युनिअरने १७ व्या वळणावर गाडी भिंतीवर घातली, सेफ्टी कार (सर्वांचा वेग उतरवून गाड्यांना एकामागे एक आणणारी गाडी) आली, आणि त्याआधीच पिट स्टॉप (टायर आणि इंधनासाठीचा थांबा) उरकून घेतलेला त्याचा सहकारी फर्नांडो अलोन्सो १५ व्या स्थानावरून सुरुवात करूनही जिंकला. हे संगनमत २००९ मध्ये उघड झाले. त्या गोंधळात आघाडीवर असलेल्या फेलिपे मासाची गाडी इंधनाची नळी तशीच ओढत पिटमधून बाहेर पडली आणि त्याला एकही गुण मिळाला नाही. त्या वर्षीचे विजेतेपद त्याने अवघ्या एका गुणाने गमावले. मासाने २०२४ मध्ये लंडनच्या न्यायालयात दावा दाखल केला. त्याच्या तोंडचा घास गेला, ही भावना मी चुकीची मानत नाही.

प्रश्न : आपल्या देशात अशी शर्यत होईल का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : फॉर्म्युला वनची नाही, पण रस्त्यावरची रात्रीची शर्यत होऊन गेली आहे. चेन्नईत आयलंड ग्राउंड्सभोवती साडेतीन किलोमीटरच्या ट्रॅकवर २०२४ च्या ऑगस्टअखेर दिव्यांच्या प्रकाशात शर्यती झाल्या. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये चक्रीवादळामुळे हाच बेत पुढे ढकलावा लागला होता. सिंगापूरच्या ट्रॅकवर मात्र भारतीय चालक धावलेला आहे : नारायण कार्तिकेयनने २०१२ मध्ये तेथे भाग घेतला आणि त्यालाही भिंतीने गाठले.

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त आहोत आणि मुलगा सिंगापूरला नोकरीला आहे. यंदा प्रथमच प्रत्यक्ष शर्यत पाहणार आहोत. काय लक्षात ठेवावे? (एक दांपत्य, ठाणे)

उत्तर : आपला हेवा वाटतो. तिकीट अजून घेतले नसेल, तर आपल्या वयाला फिरत्या तिकिटापेक्षा ठरावीक आसनाचे स्टँड बरे, कारण फिरत्या तिकिटावर जाळीजवळची जागा धरण्यासाठी तासन्‌तास उभे राहावे लागते. वेगापेक्षा चालकांचे कौशल्य पाहायचे असेल, तर वळणाजवळचे स्टँड निवडावे. सरळ रस्त्यासमोर गाडी दिसते न दिसते तोच निघून जाते. पडांगच्या बाजूने गाड्या जुन्या अँडरसन पुलाकडे वळतात. हा पूल १९१० चा आहे, आणि त्याच्या पोलादी कमानींखालून आजची गाडी जाताना पाहणे हा वेगळाच अनुभव आहे.

कानांसाठी बोळे अवश्य न्यावेत. सुती सैल कपडे, पातळ रेनकोट आणि पाणी हे तर हवेच. शक्य असल्यास शुक्रवारी संध्याकाळी लवकर पोहोचा आणि अंधार पडताना तेथेच थांबा. आकाश निळसर असते तोवर दिवे फिके वाटतात, आणि मग पाहता पाहता बाजूचे सारे शहर मागे सरून केवळ रस्ता उजळलेला उरतो. शर्यत संपल्यावर घाईने दाराकडे जाऊ नका. प्रेक्षकांना ट्रॅकवर चालायला सोडतात, तेव्हा तेथे उतरा आणि वळणाजवळ पडलेले रबराचे काळे तुकडे हातात घेऊन पाहा. मेट्रो त्या रात्री उशिरापर्यंत चालते, तरी सिटी हॉल स्थानकावर फार गर्दी उसळते. मुलाला थोडे पुढचे एखादे स्थानक ठरवून ठेवायला सांगा आणि तेथपर्यंत रमतगमत चालत जा.